डावीकडचा स्क्रू

ताराबाई पार्कात, दुसऱ्या मजल्यावर,
चपला दाराबाहेर काढून आत गेलो
तर ते दोघे उभे होते,
माणसाएवढे, काळेभोर, चकचकीत,
कोणी आलंय म्हणून उठल्यासारखे.

'बेचाळीस लाख,' भूपालअण्णा म्हणाले.
मी विचारलं नव्हतं.
शिरोलीला त्यांची फौंड्री.
एवढ्यात एक भट्टी नवी उभी राहते
हेही त्यांनीच सांगितलं, हसत,
आणि मग जरा गप्प बसले.

मी उद्यमनगरातला. कॉइल गुंडाळतो, कोन चिकटवतो.
गणपती झाले की डॉल्बीची फाटकी तोंडं
टेम्पोनं माझ्या दारात येतात,
अठरा इंची, गुलालानं माखलेली.
पोरं म्हणतात, 'उद्यापर्यंत कर भावा, नुसतं हाणलं पाहिजे.'
बेचाळीस लाखांत असले किती बसतात,
हा हिशेब मनात करतोय
तोवर चहा आला.

घरघर येते म्हणून बोलावलं होतं.
ती त्यांना ऐकू येत होती.
अर्थिंगचा दोष. प्लगची जागा बदलली, गेली.
'लावा काहीतरी,' म्हणालो.

कुणा बाईंची जुनी बैठक, टेपवरून उतरवलेली.
नाव त्यांनाही ठाऊक नाही.
तंबोऱ्याचा खर्ज सरळ छातीला लागला.
खोटं का बोलू, असा खर्ज
माझ्या दुकानात आजवर आलेला नाही.
बाई कुठे श्वास घेतात ते कळत होतं,
पेटीवाला त्यांच्या कुठल्या हाताला बसलाय तेसुद्धा.
पण डावीकडून वरचं काहीच नाही.
घोंगडं टाकल्यासारखं.

मागे जाऊन वाकलो.
वरच्या छोट्या तोंडाची तार नुसती टेकलेली,
स्क्रू कधी आवळलेलाच नव्हता.

'आणून किती दिवस झाले, अण्णा?'
'गुढीपाडव्याला बसवले.'
आता मार्गशीर्ष.
एवढे महिने पाहुणे आले, बासुंदी खाल्ली,
डोळे मिटून माना हलवल्या,
आणि दर रविवारी अण्णा त्यांना सांगत राहिले,
डावा जरा जास्त गोड आहे.

दोन वेढे दिले. एवढंच.
काहिलीवरची वाफ वाऱ्यानं बाजूला व्हावी
आणि खाली उकळता गूळ दिसावा
तशी जवारी उघडली.
मागच्या रांगेत कोणाची तरी बांगडी वाजली,
एकदाच.

अण्णांचा चेहरा तसाच.
'काय होतं?'
'धूळ,' म्हणालो.
'फरक पडला?'
मी काही म्हणायच्या आत त्यांनी ड्रॉवर उघडला,
राजारामपुरीतल्या डॉक्टरचा कागद काढला.
कानांचा आलेख. रेघ सरळ चालत येते
आणि चार हजाराला पोचली की
गगनबावड्याच्या घाटासारखी कोसळते.
'चाळीस वर्षं ग्राइंडरशेजारी उभा होतो.
ज्यानं दिलं त्यानंच नेलं.
वरचं मला येत नाही, दस्तगीर.
पण घरात ते आहे, एवढं तरी असावं.'

एवढे महिने ते घरातही नव्हतं.
हे जिभेवर आलं, चहाबरोबर गिळलं.

'पुन्हा लावू?'
'लावा.'
त्यांनी खुर्ची फिरवली,
बेचाळीस लाखांकडे पाठ केली
आणि माझ्याकडे तोंड करून बसले.
बांगडीच्या जागी मी काय केलं मला माहीत नाही,
भुवई हलली असेल.
ते म्हणाले, 'आलं.'

दोनशे सांगितले. पाचशे दिले,
उरलेले परत घेईनात.

दुकानात नियाज वाट बघत होता.
'मामा, एवढ्या पैशाचं असतं काय त्यात?'
माझ्या हातात अठरा इंची कोन,
कडेच्या खाचेत अजून गुलाल.
नखानं टिचकी मारली, कान जवळ नेला.
'थांब,' म्हटलं,
'आधी ह्याचं ऐकू दे.'