तीन नंबर

सलमानियाच्या सिग्नलला, एसी चालू असताना,
गाडी दचकते.
फार नाही. झोपेत पोराचा पाय हलावा इतकंच.
पिवळा दिवा लुकलुकतो, विझतो,
आपण काही बोललोच नाही असं दाखवतो.

सित्र्याच्या शोरूममध्ये टोकन एकोणचाळीस.
काउंटरवर जासिम, कॉलर कडक, वर न बघता टाइप करणारा.
मी सांगतो : गरम झाल्यावरच. उभी असतानाच. एसी लावला तरच.
तो लिहितो : ग्राहकाच्या मते गाडी हलते.
ग्राहकाच्या मते.

दोन तास खजूर, कहवा, मोठ्या पडद्यावर मुका फुटबॉल.
काचेपलीकडे वर्कशॉप, आत जायला मनाई.
माझी गाडी तिथे बॉनेट उघडून उभी,
डॉक्टरपुढे आ केल्यासारखी.

इचलकरंजीत वडील जॉबर होते.
एका शेडमध्ये चोवीस माग,
बोललेलं बोलणाऱ्यालाही ऐकू येऊ नये असा खडखडाट,
आणि ते दारात बशीतला चहा फुंकत म्हणायचे,
'सात नंबर बघ जा, कांडी संपल्या.'
संपलेली असायची.
कसं कळतं, विचारलं एकदा.
'चोवीस ऐकत बसायचं न्हाई.
जो गप झालाय, त्यो ऐकायचा.'

कागद आला. दोष आढळला नाही.
सकाळी साडेआठला तपासली होती, थंड इंजिन, एसी बंद.
तपासणीचे बावीस दिनार.
शिवाय सल्ला : चारही प्लग, चारही कॉइल, इंजेक्टरची सफाई,
एकशे शहाऐंशी.
'त्यानं जाईल?'
'खात्री नाही सर. पण सुरुवात तिथून करू.'
गाडी मात्र धुऊन दिली होती, फुकट,
पायाखाली कोरा कागद अंथरून.

किल्ली घेताना काचेपाशी निळ्या डांगरीतला एक जण आला.
खिशावर नाव : नुवान.
जासिमची पाठ होती.
त्यानं तीन बोटं दाखवली,
आणि त्याच हातानं कपाळ पुसलं,
घामच पुसायला हात उचलला होता जणू.
त्याच्या कार्डावर माझ्या गाडीला अठरा मिनिटं होती.
तेवढ्यात त्याला ऐकू आलं होतं.
लिहायला रकाना नव्हता.

रात्री दहा. गुदैबिया, इमारतीमागचं पार्किंग.
ऑगस्टची दमट हवा, चष्मा वाफाळलेला,
वॉचमनकडून आणलेला दहा नंबरचा पाना.
तीनवरची कॉइल काढून एकवर बसवली,
एकवरची तीनवर. एवढंच.
दुसऱ्या संध्याकाळी त्याच सिग्नलला दचकली,
आणि उसना आणलेला कोड रीडर म्हणाला :
एक.
दुखणं कॉइलबरोबर घर बदलून गेलं होतं.
इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता.

सलमाबादला नवी कॉइल अकरा दिनार.
दुकानदारानं हिशेब खोक्यावरच केला,
पाचशे फिल्स सोडले.

मंगळवारी शोरूममधून फोन.
सेवेला दहापैकी किती गुण द्याल?
नुवानचं नाव ओठांवर आलं.
घेतलं असतं तर त्याला शाबासकी मिळाली असती की मेमो,
सांगता येत नाही.
'धुतली छान,' म्हणालो.

मग वडिलांना व्हिडिओ कॉल लावला.
त्यांचे कान मागांनी केव्हाच खाल्ले,
आता टाळी वाजवली तरी वळत नाहीत.
तरीही फोन इंजिनापाशी धरला. ऐका, म्हणालो, चारही चालतायत.
ते पडद्याजवळ आले, फार जवळ,
नुसतं कपाळ आणि एक डोळा.
बराच वेळ बघत राहिले.
'ऐकू काय येत न्हाई,' म्हणाले,
'पण त्यो डावीकडला बोल्ट सैल ठेवलायस. थरथरतोय बघ.'

थरथरत होता.