बद

केरबा पताड्यानं पहार उचलून सड्यावर टाकली,
मान वाकडी करून ऐकली, म्हणाला, "हितं बद वाजतंय."
चार दिवसांनी मशीन तेच बोललं
निळ्या-तांबड्या पट्ट्यांत, कागदावर :
शाळेच्या कुंपणापासून अकरा मीटर.

मी नोंदवही धरणारा.
भोक क्रमांक, खोली, किती पोती गेली.
अक्षर बरं म्हणून हे काम मिळालं,
जमिनीच्या पोटाशी माझी ओळख एवढीच.

राधानगरीच्या वर, जांभ्याच्या या सड्यावर
बॉक्साइटपायी कुणी एकेकाळी विहीर खणली.
पाण्याची नव्हेच ती.
तळातून आडव्या वाटा काढल्या, घुशीगत,
आणि दर पडला तसे निघून गेले.
नकाशा म्हणे कोल्हापुरात एका कपाटात होता.
कपाट सापडलं.

गेल्या श्रावणात सुताराची म्हैस
चरता चरता गुडघ्यापर्यंत खचली.
म्हैस निघाली,
गावाची झोप तिथंच अडकून राहिली.

इरफान मुजावरचं ड्रिल तीन दिवस खडखडत होतं.
सहा मीटर, जांभा. सात, जांभा. आठ, पांढरी शाडू.
नऊ पॉइंट चारला रॉड हातून निसटल्यागत खाली गेला
आणि भोकातून वारा आला.
गार. रिकाम्या कणगीच्या तळाचा वास.
इरफाननं इंजिन बंद केलं.
मी लिहिलं : पोकळी, दोन पॉइंट एक.

सातव्या भोकातून चौगुले मॅडमनी कॅमेरा सोडला.
छत्रीखाली, पडद्याभोवती सगळ्यांची डोकी.
छिन्नीचे ओरखडे. कुजलेले टेकू.
मग दिव्याचा कोनाडा, काजळी अजून वर चढलेली,
आणि शेजारी कोळशाच्या उभ्या रेघा,
पाच-पाचच्या, शेवटी तीनच.

केरबा पडद्याला नाक लागेल इतका जवळ आला.
"हजेरी हाय ती. आमचा बा डावरा,
रेघ मारायचा खालनं वर."
मॅडमनी दोनदा फोकस केला.
रेघ कुठून सुरू झाली ते दिसत नाही.

सिमेंट, राख, पाणी. पंप लागला.
हिशोब एकशे ऐंशी पोत्यांचा.
दोनशे दहा गेली तरी भोक तोंड मिटेना.
"कुणाच्या पोटात जातंय हे?" इरफान म्हणाला,
तेवढ्यात उतारावरून साऊबाई आली धापा टाकत
आणि कळशी माझ्या उघड्या वहीवरच ठेवली.
आत दुधासारखं पाणी.

झरा नकाशात नव्हता.

अठरा दिवस काम बंद. गावाला टँकर, सही माझी.
मॅडमनी भोकात हिरवा रंग ओतला,
झऱ्याच्या पायरीवर घड्याळ घेऊन बसल्या.
तीन तास चाळीस मिनिटांनी पायरी हिरवी झाली.
साऊबाई म्हणाली, "आम्हाला इचारलं आसतं तर
रंगाचं पैसं वाचलं आसतं."
त्या रात्री 'पोकळी'च्या रकान्यात मी काहीच भरलं नाही.

मग घट्ट माल, वाळू घालून,
फक्त शाळेच्या अंगाचा फाटा.
पाण्याचा फाटा तसाच सोडला.
विहिरीच्या तोंडावर काँक्रीट, मध्ये जाळी,
तिन्हीसांजेला वटवाघळं सुटतात म्हणून.

शेवटच्या दिवशी केरबानं पुन्हा पहार टाकली.
टण्ण.
"भरलं," म्हणाला. खूश दिसला नाही.
"सात नंबरात किती?"
"सेहेचाळीस पोती."
तो बोटं दुमडत राहिला, कसला हिशोब कुणास ठाऊक,
मग माझं पेन घेतलं, डाव्या हातात,
आणि त्या ओळीपुढं एक रेघ ओढून दाखवली.
खालनं वर.

ऑडिटवाल्यानं परवा त्यावर बोट ठेवलं,
ही खूण कसली?
पेन चालतंय का बघत होतो, म्हटलं.