एक घर मागं

सेलूच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याची केबिन,
पाय लांब केले की दाराबाहेर जातात.
रजिस्टरच्या खाली पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं आखलेला पट,
मोहऱ्यांच्या जागी सरकीचे दाणे, खिळे, एक बटण.
भरला ट्रॅक्टर चढतो, आकडा थरथरतो, थांबतो.
रिकामा होऊन परततो, मी वजाबाकी करतो.
मधली वीस मिनिटं
मी काझी सरांच्या ताब्यात.

मोईजोद्दीन काझी, जिंतूरला गणित शिकवायचे.
आता मोतीबिंदू पिकलाय, कुणाशी खेळत नाहीत.
"डावात समोरचा चुकतो म्हणून आपण जिंकतो," म्हणतात,
"त्यात काय मजा?"
सर नुसते शेवट रचतात,
कुणी कधी न खेळलेल्या डावांचे.
पोस्टकार्डावर पाच-सहा मोहरे
आणि खाली एक ओळ. खुशाली नाही, सहीसुद्धा नाही.

पहिल्या कार्डाला मी हसलो होतो.
प्यादं सातव्या ओळीत, पुढचं घर मोकळं,
पाठीशी राजा. वजीर करा अन् घरी जा.
केला. काळा राजा कडेला उभा,
शह नाही आणि पाय टाकायला घरही नाही.
कोंडी. जिंकलेलं बरोबरीत गेलं.
सरांनी उलट टपाली दोनच शब्द लिहिले:
"हत्ती माग."
मागितला. काळ्याला एक घर सुटलं,
तो तिथं सरकला आणि तिथंच मात.
त्या रात्री मी बायकोला बटणं-खिळे मांडून दाखवत बसलो.
ती म्हणाली, भाकर निवायलीय.

मग हे कार्ड. तीन हंगाम झाले.
पांढऱ्याची चाल, बरोबरी.
राजे समोरासमोर, मधे एक घर,
जो हलेल तो गेला,
आणि हलायची पाळी माझी.
एक फुकटची चाल हवी होती.
पण घोड्याला वेळ काढता येत नाही,
काळ्या घरातून पांढऱ्यात, पांढऱ्यातून काळ्यात,
कितीही फिरवा, पाळी चुकत नाही त्याची.

परवा, कापसाची गर्दी ओसरल्यावर, सुटलं.
घोडा प्याद्यावर सरळ मारून टाकायचा,
राजा कोपऱ्यात न्यायचा, आणि आपलीच कोंडी करून घ्यायची.
पुन्हा पाहिलं, पुन्हा. बरोबरीच.
उडी मारणार होतो, तेवढ्यात काळ्या उंटाकडं नजर गेली.
सगळा वेळ तो नुसता उभा होता.
उचलला तरी काही फरक पडेना.

सरांच्या पटावर बिनकामाचा मोहरा नसतो.
म्हणजे ही त्यांची वाट नव्हती.
ही भिंतीतली फट होती,
मोतीबिंदूच्या डोळ्यांनी न दिसलेली.

दोन दिवस कार्ड खिशात ठेवून हिंडलो.
मग लिहिलं: सर, अजून सुटत नाही.

आठवड्यानं उत्तर आलं.
अक्षर नातीचं, खोडरबरानं झिजवलेला कागद सरांचा.
तेच मोहरे, तीच ओळ,
फक्त काळं प्यादं एक घर मागं.
माझी फट बुजलेली.
आणि कोपऱ्यात, पहिल्यांदाच, थरथरत्या हातानं सही,
तिच्याखाली: "खोटं लिहायला कुणी शिकवलं?"

"ओ काटेवाले, वजन सांगा की,"
खिडकीतून ड्रायव्हर ओरडायला,
"कामून हसायलाव एकटेच?"