जिन्यातली वीस मिनिटं

राजारामपुरीतलं पहिलं.
भिंतीवर जिराफ, जिराफाच्या डोळ्यात कॅमेरा.
"मोबाईलवर दिसेल बाळ, दिवसभर," बाई म्हणाल्या,
आणि दिसलंही :
चौदा बाळं, चौदा सारख्या चटया,
कुणीच रडत नव्हतं.
घरी येईपर्यंत मला सांगता येईना
यात न आवडण्यासारखं काय होतं.

टाकाळ्याच्या बाईंनी जुईला उचललं,
गालाचा मुका घेतला
आणि माझ्याकडे पाहिलं,
मी पाहिलं का ते.

मी गोकुळ शिरगावला फाउंड्रीत तपासणीला असते.
हातोडीनं हलकेच ठोकायचं, कान द्यायचा.
खणखणीत वाजलं तर पुढे,
बद्द वाजलं तर आत कुठेतरी तडा,
वरून रंग कितीही बसवा.
नऊ वर्षं लोखंड ऐकतेय.
घर कसं ऐकायचं
हे कुणी शिकवलं नव्हतं.

आई यवतमाळला. फोनवर म्हणाली,
"नोकरी सोडतेस का?"
मग स्वतःच, "नको सोडू."
मग बराच वेळ फोन नुसता चालू.

मंगळवार पेठेत, पिठाच्या गिरणीवर
मगदूम मावशी. पाटी नाही.
बेल वाजवली. दार बोटभर उघडलं.
"थांबा की जिन्यात. एक झोपतंय.
आत्ता आत आलासा तर चौघंबी उठत्यात."
आणि दार लागलं.

हेमंत चिडला. पैसे आपण द्यायचे
आणि उभंही आपणच राहायचं.
मी त्याच्या मनगटावर हात ठेवला.
आतून आवाज येत होता,
गाणं नव्हे, नुसतं हं… हं…
खाली गिरणीचा पट्टा, वर हे.
मधेच एक पोर किंचाळलं.
ते हं थांबलं नाही,
घाईलाही आलं नाही.
जुई पायरीवरच्या पिठात
बोटानं रेघा ओढत बसली.
वीस मिनिटं.
मी कान देऊन.

आत कॅमेरा नव्हता.
खिडकीच्या गजांना जुन्या साडीच्या पट्ट्या
गुंडाळलेल्या, डोकी आपटू नयेत म्हणून.
एक भिंत ओली.
ती मला खटकली, मी बोलले.
"मालक ऐकंना," मावशी म्हणाल्या,
"मी कुठं त्या अंगाला निजवतो कुणाला?"
मग जुईकडे बघत,
"झोपताना काय धरती हातात?"

माझ्या कानाची पाळी, मी म्हटलं,
आणि उगाचच ओशाळले.
मावशींनी काही न बोलता
कानातली कुडी फिरवून काढली,
दुसरीही,
आणि फळीवरच्या डब्यात ठेवली.

म्हणजे सगळं बरं झालं असं नाही.
पहिल्या सोमवारी के.एम.टी.त मी
खिडकीकडे तोंड करून बसले, शिरगाव येईपर्यंत.
पावसाळ्यात दोनदा ताप.
एकदा दंडावर दातांची गोल खूण.
चप्पल काढायच्या आधीच मावशी म्हणाल्या,
"तेजस चावला. माझं ध्यान दुधाकडं हुतं."
मी रागावले, रागावूनच घरी गेले,
आणि रात्री ते वाक्य
पुन्हा पुन्हा ठोकून पाहिलं.

अजूनही काही दुपारी, हातात गरम कास्टिंग,
मधेच वाटतं, त्या भिंतीचं काय झालं असेल.

परवा निघताना जुई दारात वळली.
यवतमाळच्या बाईची ही मुलगी म्हणाली,
"मावशी, मी जातो."
"जातो म्हणू नये बाळा," आतून आवाज,
"येतो म्हणावं."
"येतो."

मी "येते" म्हण, असं सांगायला तोंड उघडलं होतं.
खाली गिरणी सुरू झाली.
आम्ही दोघी जिना उतरलो,
तिच्या मुठीत माझी करंगळी,
दोघींच्या तळव्यांना पीठ.