मूळ धाडणं

परभणीत, जिंतूर रोडला, सर्व्हिस सेंटरच्या काचेमागे
माझं काम लिहून घ्यायचं.
जॉबकार्डावर एक रकाना असतो:
तक्रार, ग्राहकाच्या शब्दांत.
जागा दीड ओळीची.

लोक बोलतात ते त्यात मावत नाही.
मानवतचे मोईनभाई म्हणाले, गाडी उसासे टाकते.
मी लिहिलं: एसी आवाज.
पूर्णेचे घुगे सर म्हणाले,
डावीकडं वळताना स्टेअरिंग रुसतंय.
मी लिहिलं: अलाइनमेंट.

वत्सला मस्के, सेलूच्या दवाखान्यात नर्स.
पांढरी सेडान, मागच्या काचेवर दोन पोरांची नावं.
म्हणाल्या, "खड्ड्यातून गेलं ना, की ब्रेकवर पाय ठेवावा
अन् अंधारात जिना उतरताना
एक पायरी कमीच भरावी, तसं होतंय बगा."
मागं कुणीतरी हसलं. बहुतेक मीच.
लिहिलं: ब्रेक मऊ.

नागनाथनं गाडी बायपासला नेली,
नवं काँक्रीट, ताटासारखं सपाट.
आला, लांबूनच अंगठा दाखवला.
शेरा: दोष आढळला नाही.

तीनदा आल्या.
तिसऱ्यांदा म्हणाल्या, "रस्ता गुणाचा असला की
गाडीबी गुणाचीच ऱ्हाती.
माझ्यासंगं पाथरी रोडनं चला की एकदा."
मी घड्याळ बघितलं. जेवायची सुट्टी होत होती.
तपासणी शुल्क चारशे बहात्तर.
पावती दिली.

मग पुढच्या वैशाखात कंपनीचं परिपत्रक आलं.
अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंतच्या गाड्या.
"क्वचित प्रसंगी", "खडबडीत पृष्ठभागावर",
"पेडल अपेक्षेपेक्षा खोल जाऊ शकते".
वीतभर रबरी नळी, तिची एक क्लिप.
मॅनेजर म्हणाले, रिकॉल म्हणायचं नाही,
मोफत तपासणी म्हणा, लोक घाबरतात.

गयाबाई फरशी पुसत होती.
म्हणली, "म्हंजी लेकींना मूळ धाडलंय कंपनीनं."
मी म्हणालो, तसंच काहीसं.
"चार वर्सं नांदल्यावर?
लेक सांगत व्हती तवा म्हणले, जमवून घे."
आणि बादली घेऊन पुढच्या केबिनीत गेली.

एकोणचाळीस नंबर होते यादीत.
सतरावा मस्केबाईंचा.
"इकली की ओ, दसऱ्याला."
मी विचारलं, विचारायला नको होतं,
ब्रेकचं सांगितलं होतं का?
"सांगूनच. म्हणून तर तीस हजार कमी आले."
तिकडं कुणाचं तरी बाळ रडत होतं.
"नंबर हाय माझ्याकडं, घ्या लिहून.
वसमतचे हळदीवाले, कदम.
आधी त्यांना लावा. माझ्याशी मागून बोला."

कदम म्हणाले, "दोनदा दाबतो, मग लागतो.
बाईनंच शिकवलं ना घेताना,
अर्धा तास शेजारी बसून."

गाडी गुरुवारी आली.
सीटच्या शिवणीत हळद,
मागच्या काचेवर एक नाव खरवडलेलं,
दुसरं अजून तसंच: आर्या.
नागनाथला वीस मिनिटं लागली.
जुनी नळी त्यानं माझ्या टेबलावर ठेवली
आणि काही न बोलता हात पुसत राहिला.
सरळ धरली तर धड.
वाकवली की केसाएवढी चीर
तोंड उघडते.

मी नवं जॉबकार्ड उघडलं.
तक्रार, ग्राहकाच्या शब्दांत:
पाय ठेवावा अन् अंधारात जिना उतरताना एक पा
इथं कॉम्प्युटर थांबला. जागा संपली.
उरलेलं छापलेल्या कागदाच्या समासात पेनानं लिहिलं,
खाली नाव लिहिलं व. मस्के.
कदमांनी सही करताना वाचलं, काही बोलले नाहीत.

चारशे बहात्तर गुणिले तीन.
ते परत करायचा रकाना
मी संध्याकाळपर्यंत शोधत होतो.