नवाची बेरीज

इंजिन गार पाहिजे. रात्रभर गार.
म्हणून रविवारी पहाटे सहाला
स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारून
मी उत्तमनगरच्या गल्लीत जीपचं बॉनेट उघडते
आणि भाऊ प्लास्टिकची खुर्ची ओढत येऊन बसतात.
कानटोपी. मांडीवर पितळी डबी,
डबीत मेणकापडात गुंडाळलेला फिलर गेज,
सातपूरच्या टूलरूममधून निवृत्तीच्या दिवशी
चुकून खिशात राहिलेला.

कान मात्र त्यांनी तिथंच ठेवले.
बत्तीस वर्षं पॉवर प्रेसच्या शेजारी.
डॉक्टर म्हणतात, आता यंत्र लावा.
भाऊ म्हणतात, यंत्रापायीच तर गेले.

टॅपेट कव्हरचे नट आईच्या ताटलीत,
यावरून स्वयंपाकघरातून एकदा ओरडा,
जो मलाच ऐकू येतो.
गॅस्केट जपून सोडवायचं, फाटलं तर द्वारका,
आणि द्वारकेचं दुकान आज बंद.
आत एका दांडीवर आठ रॉकर,
तेलानं चोपडलेले, कुणी मान घातलेली, कुणी ताठ.

समोरच्या गांगुर्डेंचा सिद्धांत दात घासत येतो.
त्याचं काम ढकलायचं: गाडी चौथ्या गिअरात,
वीतभर पुढं, थांब, अजून बोटभर.
भाऊ बोटांनी सांगतात:
आठवा पुरता दबला की पहिला मोकळा.
सातवा दबला की दुसरा.
सहावा, तिसरा. बेरीज नऊ.
पोरगा विचारतो, का?
भाऊंना प्रश्न दिसतो, ऐकू येत नाही,
ते नुसतं म्हणतात, करून बघ.

इनटेकला पंधराचं पान, एक्झॉस्टला पंचवीसचं.
एक्झॉस्ट जास्त तापतो, तापला की लांबतो,
त्याला अंग पसरायला जागा सोडावी लागते.
पान सैल निघता कामा नये, अडकताही कामा नये;
सासऱ्यानं खिशातून नोट काढावी
तसं, थोडं आढेवेढे घेत.
स्क्रू धरून ठेवायचा, लॉकनट आवळायचा,
आवळताना स्क्रू पाव अंश फिरतोच,
मग पुन्हा. मग शिवी. मग पुन्हा.

साडेआठला कव्हर बसतं, मी चावी फिरवते.
धूर, खोकला, मग धडधड सरळ होते.
उद्या गिरणाऱ्याला टोमॅटोची रोपं पोचवायची आहेत,
चारशे ट्रे, दोन फेऱ्या.
मला तरी ठीक वाटतंय.

भाऊ उठतात. लांब स्क्रूड्रायव्हर घेतात,
टोक कव्हरवर टेकवतात
आणि लाकडी मूठ दातांत धरतात.
डोळे मिटलेले.
सरकतात इंचभर, पुन्हा इंचभर, कुणाच्या तरी
पाठीला कान लावल्यासारखे.
मग मुठीआडून, लाळेसकट:
"तिशरा."
मी मान हलवते, नाही, तिसरा मी दोनदा बघितला.
"तिशरा. पंचवीशचं पान घातलंश."

घातलं होतं.
सिद्धांतशी बोलता बोलता.
आता पुन्हा इंजिन गार व्हायची वाट,
म्हणजे दुपार, म्हणजे रविवार गेला.

मी बंद करायला हात नेते,
ते तळवा उंचावतात. राहू दे.
वरून गांगुर्डेवहिनी काहीतरी म्हणतात धुराबद्दल.
मी खाली बघून हो हो करते.
लॉकनट कितीही चुकलेला असो,
चार मिनिटं, पाच मिनिटं,
ते दातांतून ऐकत राहतात
त्या एका सैल टकटकीला,
आणि तिच्या मागच्या बरोबर बसलेल्या सातांना.

शेवटी मी चावी काढतेच.
गल्ली एकदम रिकामी.
भाऊ तसेच वाकलेले, मूठ दातांत,
त्यांना वाटतंय अजून काही येईल.

मी कव्हरवर नखानं दोनदा वाजवते.

"काय गं?"

चहा, म्हटलं.