पिवळ्या भुवईचा

फोन आला तेव्हा हेडली अंगणात
रविवारच्या रश्शासाठी समुद्रपक्ष्याची पिसं उपटत होता
(पक्षी बघणं वेगळं, पक्षी खाणं वेगळं, असं तो म्हणतो),
मी टायर बदलत होतो,
आणि ल्यूसिंडा दफनविधीहून नुकती परतलेली;
तशीच काळ्या कोटात गाडीत बसली, दुर्बीण गळ्यात.
"मेलेल्याला घाई नाही," म्हणाली. "पाखराला आहे."

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला नोव्हेंबरात
दिवस चार वाजताच दुकान आवरतो.
वायपर एकच चालू. सेल्बी गाडी हाकतोय
जशी लहानपणी होडी हाकायचा: धुक्यात नाक खुपसून.

पर्णवटवट्या. पिवळ्या भुवईचा.
वजन सहा ग्रॅम, खिशातली चिल्लर.
जन्म सायबेरियातला. एव्हाना दक्षिणेत,
भातखाचरांच्या देशात, चिलटं टिपत असायचा.
डोक्यातलं होकायंत्र उलटं बसलं असणार,
म्हणून आख्खा समुद्र ओलांडून
नेमका तिथं आला, जिथून आमची पोरं
होड्या विकून निघून गेली.

आणि झाड तरी कुठलं निवडावं?
एल्ड्रेडच्या मागल्या दारातली डॉगबेरी.

एल्ड्रेडशी मी सतरा वर्षं बोललो नव्हतो.
कारण एक मोटर. चाळीस अश्वशक्तीची.
कोण खरं ते समुद्राला ठाऊक,
मोटर त्याच्याच तळाशी आहे.
"तू गाडीतच थांब," सेल्बी म्हणाला. "आम्ही येऊन सांगतो ना कसा होता."
भुकेल्याला पंगतीबाहेर बसवून
वाढप्यानं चव सांगावी, तसं.
मी उतरलो.

कुंपणाशी आठ जण. बुटांत पाणी.
वाऱ्यावर वाळत घातलेली एल्ड्रेडची एकुलती एक चादर
सारखी झाडाच्या आड येत होती.

मग तो बोलला.
म्हणजे हेडलीची हनुवटी वर गेली,
ल्यूसिंडानं श्वास धरला,
आणि मीही मान डोलावली, अर्धा क्षण उशिरा.

तीन हिवाळे झाले,
वरच्या पट्टीतलं मला काही ऐकू येत नाही.
कुणाला सांगितलेलं नाही.
मी पक्षी हल्ली माणसांच्या तोंडांवरून ओळखतो.

सेल्बीची नात मॉर्ना, वय अकरा,
झाड सोडून माझ्याकडेच बघत होती.
काही विचारलं नाही पोरीनं.
माझी बाही धरली, आणि तो बोलला की ओढायची.
एकदा.
मग दोनदा, घाईनं.
मग डावीकडे.
असा ऐकला मी त्याला, मनगटापाशी.

पण दिसेना. चादर, फांदी, चादर, धुकं.

तेवढ्यात मागलं दार उघडलं.
एल्ड्रेड. केस पार गेलेले, हातात बटाटा आणि सोलणी.
सगळ्यांवरून नजर फिरवली, माझ्यावर ठेवली.
"तिथून काय कप्पाळ दिसणार?" म्हणाला.
"खिडकीतून बघा. चार दिवस येतोय.
बूट बाहेर."

आठ जणांचे ओले मोजे, एक स्वयंपाकघर.
शेगडीच्या उबेनं सगळ्यांच्या दुर्बिणी आंधळ्या,
म्हणून नुसत्या डोळ्यांनीच पाहिला:
पंखावर दोन फिकट रेघा,
आणि ती भुवई, कुणीतरी खडूनं ओढून
पुसायची विसरलेली.
लाल फळांकडे ढुंकूनही न बघता
पानांखालचं काहीबाही वेचत होता,
चुकलेल्या माणसासारखा अजिबात नव्हता.

एल्ड्रेड माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.
बटाटा अजून हातातच.
"शीळ घालतो म्हणे," हळूच म्हणाला.
"मला मेलं काही ऐकू येत नाही."

मी खिडकीकडे बघतच म्हणालो,
"मलाही नाही."

दुसऱ्या दिवशी झाड रिकामं होतं.
हेडलीचा पक्षी मांजरानं नेला.
चादरीचं माहीत नाही.